लाल चिंधीचा कॅन

थांब, थांब, थांब—आत नको आणूस. तिथंच, पायरीच्या खाली ठेव, सावलीला. आणि ती उदबत्ती दिसते का, देवाच्या फोटोपुढची—ती आधी विझव. फुंकू नको गो, देवाची हाय ती, हातानं वारा घाल—हां, असं. आता ये, बस त्या स्टुलावर. पंखा लावत नाय, उकडेल जरा, पण बटणात ठिणगी असते. हसतेस काय? हे अख्खं दुकानच पेटायचं दुकान हाय. थिनर हाय, टर्पेंटाइन हाय, लाखेचं पॉलिश हाय, मागं काथ्याचे दोरखंड. पेणच्या बाजारात हा बाबाजी इतकी वर्षं टिकला तो काय हुशार म्हणून? घाबरट म्हणून टिकला. आता सांग, काय म्हणालीस—घरात मिळालं? माळ्यावर? आणि तू ते आणलंस कशातनं—मिनिडोरमधनं? मांडीवर घेऊन? अगो बये! पुढं डायवर विडी ओढत असणार, मागं तू पेट्रोलचा कॅन मांडीवर धरून, आणि त्यात तुझं हे असं, दिवस भरत आलेले. माळ्यावर चढलीसच कशी तू? शिडीनं. व्हय, ते मला कळलं, विमानानं चढलीस असं मी पण धरलं नव्हतं.

रागवत नाय गो. उलट बरं केलंस आलीस. जोह्याच्या मूर्तीवाल्याची लेक तू, तुझ्या बापाला रंग देत आलोय मी, तुझ्या नि निकेशच्या लग्नात तुमच्या दारात जेवलोय—मी रागवणार कुणावर? विचारायला कुणी येत नाय हेच तर दुखणं हाय. लोक सरळ ओतून मोकळे होतात. आमच्या इथला एक मंडपवाला—त्याच्या जनरेटरचं पेट्रोल उरलं होतं, कधीतरीच्या नवरात्रातलं. म्हणाला वाया कशाला घालवा, बायकोच्या स्कूटीत घातलं. स्कूटी नाक्यापर्यंत गेली, खोकली, आणि बसली ती बसलीच. उघडली तर आत गुळाचा पाक! पेट्रोल नासतं गो—दूध नासतं तसं नासतं, फक्त सावकाश. आणि तो गडबचा पंक्चरवाला, तो तर अजून वरचढ—त्यानं ओतलं गटारात. पुढं वडेवाला, त्यानं आपली रोजच्यासारखी भट्टीतली राख गटारात झाडली, आत एखादा निखारा जिता असेल. तुला सांगतो, आग गटारातनं अशी पळाली की कुणी मागं लागलंय तिच्या. माणसं वाचली, एकाच्या लेंग्याचं काय झालं ते बाईमाणसापुढं सांगत नाय. आणि विहिरीजवळ तर नायच ओतायचं, मातीतनं उतरतं ते. तुमच्याकडं खारेपाटात आधीच गोड्या पाण्याची मारामार, त्यात असलं मुरलं की संपलं. चुलीला नको, गवत जाळायला नको, खाडीला तर अजिबातच नको—मासे काय बोलत नायत म्हणून काय झालं.

मग करायचं काय? सांगतो ना. आमचा मिथुन, भाचा माझा, रोह्याला हाय—धाटावच्या एका कंपनीत, सेफ्टीमध्ये. त्यांचं नासकं सामान न्यायला परवान्याची गाडी येते, पुढं भट्टीत रीतसर जाळतात. मिथुन साहेबाला विचारून आपला कॅन त्यात ठेवतो. मागं एकाची अख्खी टाकी घालवून दिली त्यानं. आज शिफ्ट सुटली की तो इकडंच येणार हाय, त्याच्या हवाली करतो, की तुझं काम झालं. तू निवांत घरी जा, रिकाम्या हातानं, आणि पुन्हा शिडीला हात लावशील तर—

बघू तरी कितीसं हाय. नाय, तू बस, मी उठतो, गुडघे कुरकुरतात पण उठतो. प्लास्टिकचा हाय. पांढरा होता, बघ, आता पिवळा पडलाय, म्हाताऱ्याच्या दातासारखा. अर्ध्याच्या वर नाय ह्यात. झाकण तर घट्ट हाय—तरी उडतं गो, प्लास्टिकमधनंसुद्धा उडतं थोडंथोडं, रोज, कुणाच्या नकळत. जरासं सैल करून वास घेतो. भिऊ नको, मला नाक हाय. हे नाक मला मोझेसशेठनं दिलं. तू बघितलं नसशील त्यांना—बेने इस्राएल, पिढ्यान्‌पिढ्या तेलाचा घाणा, शनवारी काम बंद म्हणजे बंद, गिऱ्हाईक दारात रडलं तरी. मी त्यांच्याकडं डबे धुवायला होतो, चड्डी घालायच्या वयात. दुपारी गिऱ्हाईक नसलं की माझ्या डोळ्यांवर फडकं बांधायचे आणि नाकाशी वाटी धरायचे—बोल बाबाजी, तीळ की खोबरं, ताजं की गेल्या सालचं? चुकलो की टपली, बरोबर आलं की पेढा. टपल्याच जास्त खाल्ल्या. त्यांची सगळी तिकडं इस्राएलला गेली, फ्लोरा म्हणून लेक हाय, अजून फोन करते—बाबाजी, मलिद्याच्या प्रसादाला पेणचे पोहे पाठव रे, इथले पोहे म्हणजे कागद. सांगायचं काय, तर माझं नाक चुकत नाय. हे पेट्रोल जुनं. एकदोन सालचं नव्हे. खूप जुनं. वार्निश झालंय त्याचं, आंबट, असा घशात बसणारा—

—आंबट.

कुठल्या माळ्यावर म्हणालीस तू? स्वैपाकघरावरच्या? जाळ्यांच्या मागं. नाथाच्या जाळ्यांच्या? त्या जाळ्यांना हौसावैनी, तुझ्या सासूबाई, कुणाला शिवू देत नायत, आणि तू—हळूच सरकवलीस. त्या बाजाराला गेल्यावर. बरं. आणि हे मुठीला काय हाय, हे काळं—चिंधी हाय का? धूळ बसलीय. ओढू नको, मी सोडतो… आतनं लाल हाय. लाल चिंधी. गाठ बघ कशी हाय. ही गाठ बाईमाणसाची नाय गो. हा फेरा, मग उलटा फेरा, मग शेपूट आत—ही होडीवाल्याची गाठ. नाथाची. मीच बघितलीय त्याला शंभरदा मारताना, दात असे ओठावर दाबून.

नाय, काय नाय झालं. बसतो जरा. उकाड्यानं झालं. तूच सांग—तुला सासऱ्याबद्दल काय सांगितलंय घरात? येतात म्हणून सांगितलंय. व्हय. वास येतो. दुपारचा, कौलं तापली की. तुला पण येतो ना? आणि सोसत नाय—ह्या दिवसांत बायकांचं नाक कुत्र्यासारखं होतं, आमच्या मंडळींचंही झालं होतं, शेजारी डाळ करपली की ही इथं उलटी करायची. म्हणून तू शोधायला चढलीस. आणि वैनी काय म्हणाल्या, नातवाला बघायला येतात सासरे, म्हणून हल्ली वास जास्त? म्हणाल्या असं? अरे देवा.

तू नवीन हायस घरात. तुला कुणी धड सांगितलं नसेल, निकेश तर बोलतच नाय त्या विषयावर, त्या बार्जवर लोखंडाबरोबर राहून लोखंड झालाय. मी सांगतो. मी आणि नाथा एका वाडीतले—गडबच्या खाली, खाडीला टेकलेली ती आपली वाडी. मी धंद्याला पेणला आलो, तो खाडीतच राहिला. त्याची होडी, तिला मागं मशीन, पेट्रोलवरचं. लांबनं फटफट ऐकली की आख्खी वाडी सांगायची, नाथा आला. अंगाला कायम पेट्रोलचा वास. लग्नात हळद लावली तरी गेला नव्हता, करवल्या नाकाला पदर लावून हसत होत्या आणि हा म्हणे, अत्तर हाय, मुंबैचं.

मग तो पाऊस. दोन हजार पाचचा, जुलैमधला—तू लहान असशील, पण जोह्यालाही कळला असणार. बांध फुटले, खाडी शेतात, शेतातनं घरात. मिठागराच्या बांधावर माणसं अडकली होती, मिठागरावरची, पोराबाळांसकट, आणि अख्ख्या वाडीत मशीनची होडी एकट्याची. गेला. एक खेप आणली, दुसरी आणली. तिसऱ्या खेपेला दाराशी आला तेव्हा वैनी कमरेएवढ्या पाण्यात, निकेशला खांद्यावर घेतलेलं. होडीतनंच ओरडला—कॅन दे गो, कॅन! वैनींनी माळ्यावर हात घातला, चाचपला, कॅन ओढला आणि दिला खिडकीतनं. दिवसाच, पण उजेड कसला, आभाळ चुलीवरच्या तव्यासारखं. तो गेला. ती फटफट गेली. परत आली नाय. बांधावर राहिलेली माणसं दुसऱ्या दिवशी दुसऱ्यांनी काढली, ती म्हणाली, नाथा आमच्यापर्यंत आलाच नाय. होडी नाय, माणूस नाय, फळीचा तुकडा नाय.

बाकीच्यांनी धरायचं ते धरलं. पण हौसावैनी—त्यांनी एकच धरलं. तुला पाठ असेल ते वाक्य. म्हण बघू. व्हय, तेच: माझ्या हातानं दिलाय भरलेला कॅन. ज्याच्याकडं पेट्रोल हाय तो बुडत नाय, तो लांब जातो. बाई कपाळावर कुंकू लावतात, बांगड्या भरतात, वडाला जातात, ते सगळं ह्या एका कॅनवर चाललंय गो. सरकारी मदतीचे लोक आले होते, सही करा म्हणाले. म्हणाल्या, जित्या माणसाची मदत कशी घेऊ, तो आल्यावर काय तोंड दाखवू? भगत आणला कुणी, भगताला चहा पाजून परत पाठवला. आणि मी? मी हिशेबी माणूस, दोराचा वीतभर तुकडा फुकट देत नाय—मी दर दिवाळीनंतर निघायचो. रेवस, मांडवा, रेवदंडा, मुरूड, एकदा तर रत्नागिरीच्या बाजूला. दोरखंड विकायचं निमित्त. बंदरात जायचं आणि विचारायचं, असा असा माणूस, उजव्या भुवईत खोक, गाठ मारताना दात ओठावर दाबतो—बघितला का? परत आलो की वैनी दारात. मी मान हलवायचो. त्या म्हणायच्या, पुढच्या साली अजून खाली जा भावोजी. आणि मी जायचो. का? त्यांच्यासाठी—असं मी सगळ्यांना सांगतो. खरं सांगू का तुला… जाऊ दे. मला पण तो हवा होता परत. मला दुसरा मित्र कुठं हाय? गिऱ्हाइकं हायत.

मग एका वैशाखात वैनी दुकानात आल्या, इथं, ह्याच स्टुलावर बसल्या. चेहरा असा की दिवा लावलाय. म्हणाल्या, भावोजी, काल आला होता. दिसला नाय, पण घरात त्याचा वास होता, भरदुपारी. मी म्हटलं शेजारी कुणी गाडीत पेट्रोल भरलं असेल. म्हणाल्या, मला ह्यांचा वास शिकवता? मी तुमच्या घरी आलो मग, चहाला म्हणून. बसलो. आला गो. मला पण आला. कप हातातच राहिला. मग दर उन्हाळ्यात, आणि श्रावणात ऊन पडलं की पुन्हा. त्या दिवशी वैनी त्याचं ताट वाढतात, तू बघितलंच असशील—सुकी मासळी आणि भात, कडेला मीठ. आणि पुढं पुढं काय म्हणायला लागल्या माहीत हाय? म्हणाल्या, वास बदलला हो त्यांचा. पूर्वीसारखा तिखट नाय राहिला, आंबूस येतो. म्हातारे झाले. भूत म्हातारं होतं का भावोजी? नाय ना होत? मग—तो जिता हाय, म्हणून म्हातारा होतोय, कुठंतरी बसून माझी आठवण काढतो आणि तेवढा वास येऊन जातो. मला पटलं गो. पेणमध्ये कुणाचं तेल भेसळीचं असलं तर माझ्या नाकापुढं आणतात, आणि मी त्या माळ्याच्या बरोबर खाली बसून, चहा पीत, नासलेल्या पेट्रोलचा वास नाकात भरून घेत होतो, आणि मला कळलं नाय. कळलं नाय का कळून घेतलं नाय, ते तू विचारू नको.

व्हय. हेच ते. नाथा दुसरीकडनं कुठनं येत नव्हता. तो इथनं, ह्या झाकणातनं थोडाथोडा येत होता. अर्धा कॅन रिकामा हाय ना, तो सगळा वैनींच्या श्वासात गेलाय.

पण ते नाय गो—वासाचं नाय—ते मी पचवलं असतं. तुला कळलं नाय अजून, तू पोर हायस, तुझ्या तोंडावर दिसतंय नाय कळलं. हा कॅन इथं हाय. इथं, माझ्या पायरीखाली, नाथाची गाठ मुठीला. मग वैनींनी त्या दिवशी त्याला दिला तो कुठला कॅन? सांग. तुमच्याकडं टँकर येतो तेव्हा कसं करता तुम्ही बायका? सगळ्यांचे कॅन पांढरे, सारखे, रांगेत, म्हणून जिची तिची खूण बांधायची—कुणाची निळी चिंधी, कुणाची हिरवी. तुमच्या घराची कुठली? अजून तीच हाय? लाल. व्हय. लालच. वैनींची जुनी साडी होती, मला आठवते, तिची फाडलेली. आणि नाथानं पेट्रोलला खूण बांधली, हात लावू नका म्हणून, त्याला चिंधी कुठली मिळणार? घरात होती तीच. एका साडीच्या दोन चिंध्या. रोजच्याला काय अडत नव्हतं—पाण्याचा कॅन मोरीशी, पेट्रोलचा पडवीत, कोण घोटाळा करणार? पण पूर आला की खारेपाटातली बाई पहिलं काय उचलते? सोनं नाय, कपडे नाय—गोडं पाणी. ते माळ्यावर. मग मशीनचं पेट्रोल, तेही माळ्यावर. शेजारी शेजारी. आणि मग खालनं हात वर करून अंदाजानं चाचपायचं. वैनी अजून सांगतात ना, चिंधी लागली हो हाताला, मी खात्री केली, मग दिला? खोटं नाय बोलत त्या. चिंधी लागली हाताला. लालच होती.

नंतर कळलं कसं नाय, म्हणतेस? कसं कळणार? पाणी चढलं तशी शेजाऱ्यांनी हाताला येईल ते वर फेकलं, जाळीबिळी सगळी त्याच्यावर. माणसं शाळेत नेली. परत आले तेव्हा मोरीतलं सगळंच वाहून गेलं होतं, माळ्यावरचा पाण्याचा कॅन घाईत कुणी खाली काढला असेल, तोही त्यातच गेला असं धरलं. आणि जाळ्यांना त्या दिवसापासून कुणी हात लावायचा नाय. तो आल्यावर तोच उलगडेल.

मला सारखं तेच दिसतंय आता. तू शिडीवरनं उतरलीस आणि मला हे देऊन टाकलंस गो. मशीन गुरगुरलं असेल, दमलं असेल, त्याला कळलं असेल टाकी संपत आली. चारी बाजूंना ते गढूळ, झाडंबिडं वाहतायत. तो काय घाबरला नसेल, कॅन हाय ना. टाकीचं झाकण काढलं असेल, पावसात हाताचा आडोसा करून, आणि ओतलं असेल. आणि वास आला नसेल. जन्मभर ज्याच्या अंगाला वास, त्याला त्या वेळेला—नाय आला. ओतता ओतताच कळलं असेल त्याला. गोडं पाणी. टँकरच्या रांगेत वैनींनी चार तास उभं राहून आणलेलं. हसला असेल का रे नाथा? हसला असशील. तुझा भरवसा नाय—

काय? नाय नाय, तुझ्याशीच बोलतोय. डोळे पूस. पूस म्हणतो ना, मी पण पुसतो, दोघांनी रडून पेट्रोल काय विझत नाय. ऐक आता, नीट ऐक. हे जे मी बोललो ते तू ऐकलं नायस. निकेशला नाय, तुझ्या आईला नाय, कुणाला नाय. कॅन मला दे, तो रोह्याला जाईल, भट्टीत जाईल, धूर होईल, संपला. वैनींना कुंकू लावू दे. त्यांना कळलं की त्या हातानं काय दिलं, तर तो हात त्या कुठं ठेवतील गो? त्याच हातानं तुझ्या लेकराला न्हाऊ घालायचंय त्यांना. मी विचार केलाय. म्हणजे आत्ताच केलाय, पण केलाय.

पण वास? …व्हय. मलाही तेच आलं मनात. वास जाईल. कॅन गेला की वास गेला. पुढच्या उन्हाळ्यात कौलं तापतील, वैनी ताट वाढून बसतील, आणि काय येणार नाय. नातवंड झालं आणि ज्यांनी बघायला यायचं ते यायचेच बंद झाले. मग त्या काय समजतील? मेले म्हणून समजतील—आज मेले, ह्या साली मेले, मी एवढी थांबले आणि आत्ता मेले. एक बोळा थिनरमध्ये भिजवून माळ्यावर—नाय. नाय, बाळंतिणीच्या घरात नाय, मी काय बोलतो हे. आयुष्यभर डब्यावर लेबल चिकटवून वास विकले, तर आता वाटलं हा पण विकू. आणि कॅन परत माळ्यावर ठेव, असं तर मी कुणाच्या बापाला सांगणार नाय. खाली गॅस पेटतो. इतकी वर्षं ते घर उभं राहिलं तेच नवल. म्हणजे तिथनं काढलं तर एक जळतंय, तिथं ठेवलं तर दुसरं. धंद्यात असं कधी झालं नाय माझं. धंद्यात कायतरी निघतं मधलं.

वैनी येतात कधी बाजारातनं? पेणच्याच बाजारात हायत? अगो मग आधी सांगायचं नाय का, तू त्यांच्याच मागनं मिनिडोरला बसलीस तर—

गप. वळू नको. बोलू नको, आल्या. पायानं ते पोतं ओढ त्या कॅनवर, हळू… अजून थोडं. हां.

—या वैनी, या! पिशवी द्या इकडं, किती ते ओझं, हमालाला लाजवाल. कोण, नम्रता? व्हय, माझ्याकडंच आलीय, गणपतीच्या चौरंगाला रंग पाहिजे म्हणते. मी म्हटलं घरचा रंगवाला बाप सोडून माझ्याकडं आलीस, भाव कमी करायला लावणार. बसा. बसा, ह्या स्टुलावर बसा, ती उठतेच हाय. घामाघूम झालात, पाणी देऊ—नाय, पाणी नको, पाणी काय… चहा सांगतो. चहाच सांगतो.

काय? वास? वैनी, दुकानच वासाचं हाय. थिनरचा बुधला फुटला सकाळी. टर्पेंटाइन असतंच. तुम्हाला इतकी वर्षं सवय—नाय? थिनरचा नाय?

…व्हय. आंबूस हाय थोडा.

इथं? माझ्याकडं आला असेल, म्हणता?

…

व्हय, वैनी. मला पण आला. मघापासून येतोय. एवढ्या वर्षांत तुमच्याकडं यायचा, माझ्याकडं कधी आला नव्हता, मी म्हटलं विसरला मला. नाय, तुम्ही उठू नका. डोळे मिटायचे तर मिटा. बसा तशाच.

नम्रता, तू जा गो पुढं. मिनिडोर भरेल. पिशवी राहू दे, मी आणून देतो. जा म्हणतो ना. आम्ही तिघं बसतो जरा.